विजेरीचे सेल उन्हावर भरण्याची रीत

मिरज तालुक्यांतील बागायतदारास रात्रीची पाण्याची पाळी नवीन नाहीं. कृषिपंपांस कांहीं दिवस दिवसां आठ तास व कांहीं दिवस रात्रीं दहा तास, अशी आळीपाळीनें वीज देण्याची वहिवाट महाराष्ट्रांत पुष्कळ वर्षें चालत आली. २०१७ सालीं निघालेल्या व २०२३ सालीं वाढविलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेनें दिवसां वीज पुरविण्याचें काम हातीं घेतलें आहे; तथापि ज्या वाहिनीवर ती सोय अद्याप पोंचलेली नाहीं, तेथें ऊंस असो वा हळद असो, मध्यरात्रीं उठून दारें धरावयास जावेंच लागतें. ओल्या बांधावर, गवतांत, पाचटांत नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांचा वावर असतो. अशा वेळीं हातांतील उजेड ही चैनीची वस्तु नव्हे. पायापुढील हातभर जमीन दिसणें न दिसणें यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

आपल्या भागांत पूर्वीं हें काम ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलानें केलें. पुढें विजेरी आली. विजेरींत एकदां वापरून टाकून द्यावयाचे सेल घालीत राहिल्यास वर्षाचा खर्च नकळत वाढतो, म्हणून पुन्हां पुन्हां भरतां येणारे सेल व ते भरावयास लहानशी सोलर प्लेट असा जोड पुष्कळ शेतकरी घेऊं लागले आहेत. विचार योग्य आहे. परंतु प्लेट उन्हांत ठेविली, तारा जोडल्या, तरी सेल अर्धेच भरतात किंवा एका हंगामांतच निकामी होतात, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. दोष बहुधा सेलाचा नसतो, प्लेटीचाहि नसतो. दोहोंची गांठ चुकीच्या रीतीनें घातलेली असते. ती कशी घालावी, हें या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

सेलांच्या जाती

प्रथम हातांतील सेल कोणत्या जातीचा आहे हें ओळखलें पाहिजे. कारण एका जातीस मानवणारी भरणी दुसरीस घातक होते.

साधा कोरडा सेल १.५ व्होल्टचा असतो. तो भरण्याकरितां केलेलाच नाहीं. त्यांत उलट प्रवाह सोडल्यास तो फुगतो, पाझरतो, क्वचित् फुटतोहि. ज्यावर पुन्हां भरतां येत असल्याचा स्पष्ट उल्लेख नाहीं, तो सेल प्लेटीस कदापि जोडूं नये.

दुसरी जात निकेल व धातु-हायड्राइड यांची. आपण ज्यास पेन्सिल सेल म्हणतों, त्या आकारांत ही मिळते. हिचा दाब १.२ व्होल्ट असून अंगीं २००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास सांठा असतो. १९८९ च्या सुमारास ही जात बाजारांत आली व कॅडमियमच्या जुन्या विषारी सेलांची जागा तिनें घेतली. साध्या प्रकारचे सेल भरून नुसते ठेविले तरी महिन्याभरांत चतुर्थांशाच्या आसपास झिजतात. २००५ पासून मिळूं लागलेले संथ झिजणारे सेल महिनोंमहिने बराचसा भार राखतात; शेतकऱ्यानें तेच घ्यावे.

तिसरी जात लिथियमची. १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब अशा नळीच्या आकाराचे हे सेल जोरदार उजेडाच्या विजेरींत असतात. दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरतांना ४.२ व्होल्ट. या ४.२ च्या पलीकडे हा सेल नेणें म्हणजे आगीस आमंत्रण होय. या आकाराच्या सेलांत सुमारें ३५०० मिलिअँपिअर-तासांहून अधिक सांठा बसत नाहीं. वेष्टनावर ६००० किंवा ९९०० असा आंकडा छापलेला दिसल्यास तो खोटा समजावा व असा सेल घेऊं नये.

चौथी जात शिशाची. स्वस्त विजेऱ्यांत ४ किंवा ६ व्होल्टची, व पाठीवरील फवारणी पंपांत १२ व्होल्टची ७-८ अँपिअर-तासांची बंद बॅटरी असते, ती पुष्कळदां याच जातीची. हल्लीं कांहीं पंपांत लिथियमचीहि बॅटरी येते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय पुढें जाऊं नये.

प्लेटीचा स्वभाव

सूर्यप्रकाश सिलिकनवर पडला असतां वीज उत्पन्न होते, हें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनीं १९५४ सालीं व्यवहारोपयोगी रीतीनें दाखवून दिलें. त्यांच्या पहिल्या घटकाची कार्यक्षमता सुमारें शेंकडा ६ होती. आजच्या प्लेटींत असे अनेक घटक एकापुढें एक जोडलेले असतात आणि प्रत्येकाचा दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो.

प्लेटीचे तीन गुणधर्म ध्यानांत धरावे. पहिला, तिचा प्रवाह उन्हाच्या प्रमाणांत कमी-अधिक होतो. ढग आला कीं प्रवाह घटला. दुसरा, ती आपल्या ठरीव प्रवाहापेक्षां अधिक प्रवाह देऊंच शकत नाहीं. दोन्ही तारा एकमेकींस टेंकविल्या तरी प्रवाह फारसा वाढत नाहीं. हा गुण आपल्या उपयोगाचा आहे. तिसरा गुण मात्र पुष्कळांस ठाऊक नसतो: प्लेट तापली कीं तिचा दाब उतरतो. तिच्या मागें लिहिलेले आंकडे २५ अंश उष्णतेचे असतात. वैशाखांतल्या दुपारीं ती ६० अंशांवर जाते, व तेव्हां दाब शेंकडा १२ च्या आसपास कमी होतो.

सेल अर्धेच कां भरतात

एक नेहमींचें उदाहरण घेऊं. विजेरींत चार पेन्सिल सेल आहेत. चोक १.२ प्रमाणें ४.८ व्होल्ट होतात, म्हणून शेतकरी ६ व्होल्टची प्लेट आणतो व ती पुरेशी आहे असें मानतो. पण सेल भरत आला असतां त्याचा दाब १.४५ च्या वर चढतो. चोहोंस मिळून ५.८ ते ६ व्होल्ट लागतात. इकडे उन्हानें तापलेली ६ व्होल्टची प्लेट ५.३ वर उतरलेली असते, आणि मधल्या डायोडमध्यें आणखी ०.३ व्होल्ट जातात. उरले ५ व्होल्ट. पाण्याची टांकी जितकी उंच, तितक्या उंचीपर्यंतच नळाचें पाणी चढतें. तद्वत् या प्लेटीनें सेल अर्धवट भरून थांबतात. ऊन जितकें कडक तितकी भरणी कमी, हा चमत्कार यामुळेंच दिसतो.

दुसरी चूक ढगांची आहे. आपोआप बंद होणारा चार्जर थेट प्लेटीस जोडला असतां तो फसतो. निकेलचा सेल पूर्ण भरला कीं त्याचा दाब किंचित् खालीं येतो, व त्या खुणेवरून चार्जर भरणी थांबवितो. परंतु ढग आडवा आला तरीहि दाब तसाच खालीं येतो. चार्जर समजतो कीं सेल भरला, व बंद पडतो. पुन्हां ऊन पडलें तरी तो उठत नाहीं. उलट कांहीं चार्जर प्रत्येक ढगानंतर पहिल्यापासून भरणी सुरू करतात, आणि भरलेल्याच सेलांत पुन्हां वीज कोंबून ते तापवितात. भाद्रपदांतील ऊन-सावलीच्या दिवशीं असें दहा वेळां घडतें.

तेव्हां मुद्दा एवढाच कीं, ऊन अनियमित आहे व सेलास मापाचें अन्न हवें. या दोहोंचा मेळ घालण्याच्या दोन रीती आहेत: एक तर प्रवाह इतका संथ ठेवावा कीं त्यानें अपाय होऊं नये, नाहीं तर उन्हाची वीज आधीं सांठवून मग सावकाश मापानें द्यावी.

पहिली रीत: संथ भरणी

ही रीत केवळ निकेलच्या सेलांची आहे. लिथियमच्या सेलास ही कधींहि लावूं नये.

सेलाच्या सांठ्याचा दहावा भाग एवढाच प्रवाह द्यावा. २००० च्या सेलास २०० मिलिअँपिअर. भरतांना कांहीं वीज उष्णतेंत जाते, म्हणून सांठ्याच्या दीडपट, म्हणजे ३००० मिलिअँपिअर-तास द्यावे लागतात. २०० प्रमाणें १५ तास झाले. निरभ्र दिवशीं पूर्ण उन्हाचे पांच तास धरले, तर तीन दिवसांत चार सेल भरतात. चौथ्या दिवशीं काढावयास विसर पडला, तरी एवढ्या संथ प्रवाहानें मोठी हानि होत नाहीं. मात्र आठवडाभर तसेच ठेवूं नयेत.

यासाठीं प्लेट साडेसात व्होल्टची व २०० मिलिअँपिअरची, म्हणजे दीड वॅटची असावी. तापून ती ६.६ व्होल्टवर उतरली व डायोडमध्यें ०.३ गेले, तरी ६.३ उरतात व सेल कांठोकांठ भरतात. प्लेटीचा दाब याहून थोडा अधिक असल्यास बिघडत नाहीं, कारण प्रवाह तिच्याच ताब्यांत आहे. प्रवाह मात्र ठरल्यापेक्षां अधिक नसावा. मोठी प्लेट घेतली म्हणजे काम लवकर उरकेल, ही समजूत येथें घात करते.

प्लेटीच्या धन तारेंत शॉटकी जातीचा एक डायोड अवश्य घालावा. तो झडपेचें काम करतो. तो नसल्यास रात्रीं सेलांतील वीज उलट वाहून प्लेटींत झिरपते. विहिरींतून काढलेलें पाणी फुटक्या झडपेनें परत विहिरींत उतरावें, तसेंच हें.

भरणीस तीन दिवस लागतात, म्हणून सेलांचे दोन जोड ठेवावे. एक विजेरींत, एक प्लेटीवर. चार भरलेल्या सेलांवर एक वॅटचा दिवा सात-आठ तास जळतो. रात्रीं तीन तासांच्या पाळीस तेवढा उजेड दोन रात्री सहज पुरतो.

दुसरी रीत: मध्यें सांठा

ज्याच्याजवळ लिथियमची विजेरी आहे, किंवा ज्यास रोज भरणी हवी, त्यानें ही रीत पत्करावी. ही समजावयास आपल्या भागांतील द्राक्षबागायतदारांस अडचण पडूं नये. म्हैसाळच्या योजनेचें आवर्तन आपल्या सोयीनें येत नाहीं. म्हणून शेततळें खोदून पाणी आधीं त्यांत घ्यावयाचें, व ठिबकानें झाडास हवें तेवढें द्यावयाचें. तेंच येथें करावयाचें आहे. ऊन हें आवर्तन, मोठी बॅटरी हें शेततळें, व विजेरीचा चार्जर हें ठिबक.

साहित्य असें: १२ व्होल्टच्या बॅटरीस योग्य अशी १० किंवा २० वॅटची प्लेट, एक चार्ज कंट्रोलर, व १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची शिशाची बंद बॅटरी. कंट्रोलर बॅटरीच्या जातीस अनुरूप असला पाहिजे. शिशाचा कंट्रोलर लिथियमच्या बॅटरीस लावूं नये. जोडतांना आधीं बॅटरी कंट्रोलरास जोडावी, मग प्लेट. सोडतांना आधीं प्लेट सोडावी. बॅटरीच्या धन टोकाजवळच ५ अँपिअरचा फ्यूज घालावा, म्हणजे उंदरानें तार कुरतडली तरी आग लागणार नाहीं.

आतां हिशेब पाहूं. १० वॅटची प्लेट भर उन्हांत सुमारें ०.५८ अँपिअर देते. पांच तासांत २.९ अँपिअर-तास. बॅटरीच्या दाबानें गुणिलें व तूट वजा घातली, म्हणजे दिवसास ३० वॅट-तासांच्या आसपास हातीं लागतात. चार पेन्सिल सेल भरावयास तुटीसह सुमारें १६, व लिथियमचा २५०० चा एक सेल भरावयास १२ वॅट-तास लागतात. म्हणजे एका निरभ्र दिवसाच्या कमाईंत दोन्ही कामें होतात. बॅटरींत एकूण ८४ वॅट-तास असतात. त्यांतील निम्मेच खर्चावे, व निम्मे गंगाजळी म्हणून राखावे. पावसाळ्यांत कमाई निम्मी किंवा त्याहूनहि कमी होते. म्हणून ज्यास बारमाही भरंवसा हवा, त्यानें २० वॅटचीच प्लेट घ्यावी.

संध्याकाळीं कंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या यूएसबी तोंडावर विजेरीचा चार्जर लावावा. येथें दाब स्थिर असल्यामुळें चार्जर फसत नाहीं, व हवा थंड असल्यामुळें सेलहि सुखानें भरतो. लिथियमचा सेल त्याच्याच जातीच्या, ४.२ व्होल्टवर थांबणाऱ्या चार्जरमध्यें भरावा.

येथें एक काटकसर सुचवितों. फवारणी पंपाची शिशाची बॅटरी हंगाम संपला कीं महिनोंमहिने कोपऱ्यांत पडून राहते. रिकामी पडलेली शिशाची बॅटरी आंतल्या आंत कडक होऊन मरते, व पुढच्या हंगामीं पंप उचलला कीं तो धापा टाकतो. तीच बॅटरी या कामीं शेततळें म्हणून लावली, तर ती रोज थोडी भरते, थोडी रिती होते, व जिवंत राहते. फवारणीच्या आदल्या दिवशीं तिजवर विजेरी भरूं नये, एवढें पथ्य पुरे.

मिरजेचें ऊन व प्लेटीची जागा

मिरज विषुववृत्तापासून सुमारें १७ अंश उत्तरेस आहे. म्हणून प्लेटीचें तोंड दक्षिणेस करून तितकाच उतार द्यावा. दहा बोटें लांबीस तीन बोटें उंची, असें माप धरावें. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यांत सूर्य येथें माथ्यावर येतो, व ऑगस्टच्या प्रारंभीं पुन्हां येतो. मधल्या काळांत तो दुपारीं किंचित् उत्तरेस असतो. परंतु त्या दिवसांत ऊन जवळजवळ सरळच पडतें, म्हणून प्लेट फिरविण्याची यातायात करूं नये. हिवाळ्यांत दुपारचा सूर्य क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपासच वर येतो. ज्यास शक्य असेल त्यानें तेव्हां उतार थोडा वाढवावा.

जागा निवडतांना सावलीकडे विशेष लक्ष द्यावें. प्लेटीचे घटक एकापुढें एक जोडलेले असल्यामुळें एका कोपऱ्यावर नारळाच्या झावळीची किंवा विजेच्या खांबाची सावली पडली, तरी सबंध प्लेटीचा प्रवाह अडतो. पाटाच्या तोंडाशीं दगड पडला म्हणजे सारा वाफा कोरडा राहतो, त्याप्रमाणेंच हें. पानमळ्याच्या किंवा शेवरीच्या कडेस प्लेट मांडूं नये. धूळ आठवड्यांतून एकदां सकाळीं, कांच थंड असतां, ओल्या फडक्यानें पुसावी.

प्लेट उन्हांत, पण सेल सावलींत, हा नियम कधींहि मोडूं नये. ४५ अंशांवर निकेलचा सेल नीट भरत नाहीं व लिथियमचा सेल बिघडतो. पत्र्याच्या शेडच्या छपराखालीं किंवा ट्रॅक्टरच्या पेटींत दुपारीं याहून अधिक उष्णता असते. भिंतींतील कोनाडा उत्तम. ज्या विजेरीच्या अंगासच प्लेट बसविलेली असते, ती उन्हांत ठेवितांना प्लेट तेवढी उघडी ठेवून बाकी अंग पांढऱ्या फडक्यानें झांकावें.

सेलांची निगा

चार सेलांची एक जोडणी ही चौबैली नांगरासारखी आहे. तीन तेजीचे व एक मंद असला, तर ओढ बिघडते. रिता झालेला दुबळा सेल इतर तिघांच्या जोरानें उलटा भरला जातो व कायमचा मरतो. म्हणून एका वेळीं घेतलेले एका जातीचे सेल एकत्रच वापरावे, त्यांवर साल व जोडाचा क्रमांक लिहावा, नवा-जुना किंवा कोरडा व भरावयाचा असे कधींहि मिसळूं नयेत. उजेड मंद झाला कीं विजेरी बंद करावी; शेवटचा थेंब पिळूं नये.

पांच-सातशें रुपयांच्या आंतील साधा मल्टिमीटर घरीं असावा. भरून कांहीं तास विसावलेला निकेलचा सेल १.३ व्होल्टच्या वर दाखवितो, १.० वर आला म्हणजे रिता समजावा. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी विसाव्यानंतर १२.७ दाखवील तर भरलेली, १२.१ दाखवील तर निम्मी. जोडांतील एखादा सेल इतरांहून सतत मागें राहूं लागला, तर तो काढून टाकावा.

फुगलेला, चेपलेला किंवा भरतांना हातास चटका देणारा लिथियमचा सेल पुन्हां वापरूं नये. जुने सेल चुलींत, उकिरड्यांत किंवा विहिरीच्या कांठीं टाकूं नयेत. त्यांतील द्रव्यें मातींत व पाण्यांत उतरतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनीं जुने सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे. म्हणून ते सांठवून विक्रेत्याकडे द्यावे व तो घेतो कीं नाहीं हें आधीं विचारूनच खरेदी करावी.

सारांश

पेन्सिल सेलांपुरतें काम असेल, तर दहाव्या भागाचा प्रवाह देणारी लहान प्लेट, एक डायोड व सेलांचे दोन जोड पुरे. लिथियमचा सेल असेल, तर प्लेट, कंट्रोलर व मधली मोठी बॅटरी यांवांचून गत्यंतर नाहीं. दोन्ही रीतींत जात ओळखणें, दाब तापलेल्या प्लेटीचा धरणें, व सेल सावलींत ठेवणें हीं तीन पथ्यें समान आहेत.

खरेदीपूर्वीं प्रत्येकानें आपल्या विजेरीचा सेल काढून त्यावरील जात, व्होल्ट व सांठा कागदावर टिपून घ्यावा व वरील हिशेब स्वतः मांडून पाहावा. अर्ध्या घटकेचें काम आहे. उन्हाचा पुरवठा आपल्या तालुक्यांत भरपूर आहे व त्यास बिल येत नाहीं; परंतु रात्रीं बांधावर पाऊल टाकतांना जो उजेड हवा, तो दिवसां नीट मापानें सांठविला असेल तरच हातांत राहतो.